उंडीच्या तेलाची वात

बाबा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली आणि मी मागीलदारी तुमच्या चुलीपाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका. दादा सकाळी होडी घेऊन देवबागला खाडीच्या मुखातून बाहेर पडला. इंजिनात मी केलेलं इंधन आहे. त्याचा फोन लागत नाही. भीती वाटते, दुसरं काही नाही.

तेल तुमचंच, उंडीच्या बियांचं. तुम्ही ते होडीच्या लाकडाला चोपडायचात, मी त्यापासून डिझेलच्या जागी चालणारं एस्टर करते. उंडीच्या तेलात सुटी आम्लं इतकी, की नेहमीचा कॉस्टिक सोडा घातला की त्याचा साबण होतो. पहिल्या खेपेला पातेलंभर साबण झाला, तेव्हा दादा म्हणाला, "इंजिन ऱ्हवांदे, भांडी घास." म्हणून मी आम्लधर्मी आयनिक द्रव घेतला. नाव भारी, पण आहे एक प्रकारचं मीठच, फक्त काकवीसारखं पातळ राहणारं. धूर नाही, वास नाही. तो तेलातल्या आम्लाची आणि मिथेनॉलची गाठ घालून देतो आणि काम झालं की तळाशी बसतो. वरचं एस्टर ओतून घ्यायचं, तोच द्रव पुन्हा वापरायचा. याच कामाला चालणाऱ्या गंधकाच्या आम्लाला मी भ्यायचे, कारण ते भ्यायला लावतं. हा मुकाट असतो, आणि मी सैल झाले. त्याचा थोडा अंश एस्टरमध्ये राहतो, शिवाय या क्रियेत पाणी सुटतं. म्हणून एस्टर कोमट पाण्याने तीनदा धुवायचं, मग तापवून पाणी उडवायचं. हे मीच कॉलेजात फळ्यावर लिहून देते.

तुमचा नियम एकच होता. तेल कढलं की वात बुडवून पेटवायची; तडतडली तर पाणी आहे, आणखी कढवा. मी दहा वर्षांची. चुलीचा धूर डोळ्यांत जातोय, आतून तळलेल्या बांगड्याचा वास येतोय. तुम्ही होडीकडून ओरडून विचारता, "वात तडतडली काय गो?" मी वात लावलेलीच नाही. "नाय, झाला," म्हणते आणि जेवायला पळते. दुसऱ्या दिवशी होडीला चोपडलेलं तेल पांढरं पडलं. तुम्ही दोन दिवस खपून सगळं खरवडून काढलंत, मला हातही लावू दिला नाहीत. मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "माका खोटा सांग, मी बापूस आसंय. दर्यार जाणाऱ्याक सांगा नको."

आज सकाळी एस्टरची दोनच धुणी झाली होती, तापवणं बाकीच होतं. दादा कॅन घेऊन उभा. "झाला काय गो? सुकती लागली, पाणी उतारला तर भायर पडूक गावचा नाय." त्याच्या चेहऱ्यावर केवढी हौस होती, बहिणीच्या इंधनावर पहिली फेरी! उद्याच्या भरतीला जा, असं सांगता आलं असतं. मी म्हणाले, "झाला." तो हसला. "बाबांचा तेल ता, काय होवचा नाय."

उरलेलं आम्ल एका फेरीत इंजिनाचा पंप खात नाही, एवढं रसायन मला कळतं. पण पाण्याने इंजिन बंद पडतं, आणि परतताना त्याला त्याच मुखातून यायचंय. तिथल्या फुटत्या लाटांत बंद होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. शेजारच्या काकांची होडी अजून किनाऱ्याला आहे. ते त्याच्या मागे जातील. पण त्यांना सांगावं लागेल की शिकल्यासवरल्या बाईने भावाला कच्चं तेल दिलं. तासभर मी तेच टाळते आहे. हे पत्रसुद्धा टाळाटाळच.

आत्ता पातेल्यात उरलेल्या एस्टरमध्ये वात बुडवून पेटवली. तडतडली, बाबा.

कागद इथेच चुलीच्या दगडाखाली ठेवते आणि काकांकडे पळते. फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं. वात तडतडणार, हे मला "झाला" म्हणतानाच ठाऊक होतं.