रणजित पॅटर्न

१६ जून, सोमवार. पहाटे ५.१०
वल्लरी दहावीत. आजपासून माझी शिकवणी: रोज पहाटे तासभर, मग हिंजवडीची बस. पोरगी हुशार आहे, फक्त वाचायचा आळस. मोठ्याने वाचायला लावणार, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पद्धतीला नाव: रणजित पॅटर्न. बायको (प्रियदर्शनी) काही बोलली नाही. म्हणजे पाठिंबाच.

२ ऑगस्ट, शनिवार
चाचणीत इतिहासात वीसपैकी सोळा! गेल्या वर्षी सहा. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब म्हणाले, गणपतीत पालकांसमोर बोला.

३१ ऑगस्ट, रविवार
व्याख्यान झालं. श्रोते नऊ. वल्लरी पहिल्या रांगेत, मान खाली. विनय!

११ सप्टेंबर, गुरुवार
शाळेतून भाग्यश्री मॅडमचा फोन. बोर्डाच्या सवलतीच्या फॉर्मवर आईची सही झालीय, तुमची राहिलीय. कसली सवलत? डिस्लेक्सियाची, म्हणाल्या, वाचायला अडचण असलेल्या मुलांना जादा वेळ आणि उत्तरं लिहायला रायटर. गेल्या दिवाळीपासून वल्लरी रोज त्यांच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे अशा मुलांच्या खास वर्गात, बसते. आता चाचणीत प्रश्न वाचून दाखवतात, उत्तरं तोंडी घेतात. ते सोळा असे आले. मॅडमना वाटलं, मला माहीत असेल.
दहा महिने! माझ्याच घरात कट!

१२ सप्टेंबर, शुक्रवार
अबोला. सही करणार नाही. प्रियदर्शनी म्हणे, मी दोनदा सांगायला आले होते, तुम्ही म्हणालात आमच्या घराण्यात असलं काही नसतं. मला आठवत नाही. म्हणजे बोललो नसणार. फार लागलंय मनाला.

१५ सप्टेंबर, सोमवार
मॅडमनी फॉर्म आणि सोबत अहवाल पाठवला. 'प्रगतीतील अडथळे', क्रमांक तीन: वडिलांची पहाटेची शिकवणी. व्यवस्थित टाइप केलेलं. फॉर्मची मुदत उद्या संपते. संपू दे.

१६ सप्टेंबर, मंगळवार
सकाळी फॉर्म वल्लरीपुढे टाकला. म्हटलं, वाच, बघू काय आहे ते. पहिल्या ओळीलाच चार मिनिटं. बोट ठेवून, ओठ हलवत. कपाळावर घाम. आळशी माणसाला घाम येत नाही. फॉर्म काढून घेतला.
साडेदहाला शाळेत जाऊन सही केली. रजा टाकून.
संध्याकाळी वल्लरीला शाळेतून आणताना विचारलं, आईचं सोड, तू तरी का फसवलंस मला? म्हणाली, आई पहाटेचं बंदच करायला सांगणार होती, मीच नको म्हटलं. शिकवताना तुम्ही किती खूश असता, बाबा. आणि एक तासच तर असतो. सहन होतो.