तीन महिने

आबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसलेय. जिवंतपणी माझी टाप नव्हती. मार्केट यार्डात पोती वाहणारा माणूस चार पोरांवर आपणहून नसबंदी करून घेतो, ही आपल्या वस्तीत केवढी गोष्ट! यार्डातले बाकीचे हमाल म्हणायचे, "बायकूला पाठव की, तू कशापायी बैल हुतो?" आई बाळंतपणांनी पार खंगली होती, म्हणून तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत. ते मी मानते. संक्रांतीच्या आठवड्यात शिबिर झालं आणि त्याच दिवाळीत मी जन्मले.

मग नळावरच्या बायका आईला बघून पदराआड हसायला लागल्या. तुम्हाला यार्डात विचारायचे, "हे पाचवं कुणाचं रं?" त्यांना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. राग काढला घरात. थोरल्यांना रेवड्या आणायचात, माझ्या हातावर आई स्वतःच्या वाटणीची ठेवायची. पाचवीत मी फॉर्मवर सही मागितली, तर ताटावरून मान वर न करता म्हणालात, "तुज्या बापाला इचार जा." आई चुलीपाशी तशीच बसून आहे, तव्यावर भाकरी करपतेय. "लेकराला नका, मला बोला," एवढंच म्हणाली ती.

आई गेल्यावर, तुमच्याही माघारी, मी नर्सच्या ट्रेनिंगला गेले. तिथं बाई सांगत होत्या, नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी. तोवर दिवस राहू शकतात. माझा पेन थांबला. संक्रांत ते दिवाळी बोटांवर मोजली. तीन महिने, आबा! तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, की लाजेनं ऐकून घेतलं नाहीत? दवाखाना चार गल्ल्या पलीकडे होता. जाऊन विचारायला काय झालं होतं? त्यापेक्षा आईला बदफैली ठरवणं सोपं, नाही का?

आता मी नसबंदीला आलेल्या प्रत्येक माणसाला हे तीन-तीनदा सांगते, बायकोला शेजारी बसवून. परवा एक रिक्षावाला वैतागला, "शिस्टर, मी काय बहिरा हाय का?" म्हटलं, आमच्या घरात एक होते.

शेवटच्या दुखण्यात आईनं माझा हात धरला होता. "तू त्यांचीच हायेस गं, तुजी आन." गोळी आणायचं निमित्त करून मी हात सोडवून घेतला. तुम्ही निदान तोंडावर बोललात. मी तेही केलं नाही, नुसतं खरं मानलं नाही तिचं. हे पत्र खरं तर तिला लिहायचं होतं. धीर झाला नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.