माझ्याकडे पाणी असेल तोवर

२ मार्च १९७३
मिरजगावला एस.टी.तून उतरले तेव्हा नखशिखान्त धुळीने माखले होते, तरी जाम खूश! मॉरिशसची मराठी पोर, लंडनला एम.ए. करणारी, आणि आता इथल्या एका छोट्या संघटनेची स्वयंसेविका. जवळच्या वाडीत, दलित वस्तीतल्या साळूबाईंकडे उतरले आहे. माझं मराठी ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसतात, भाकरी मात्र आग्रहाने वाढतात.

२५ मार्च
गावच्या विहिरीला वस्तीतल्या बायकांनी हात लावायचा नाही. बाजूला ताटकळायचं, गावातल्या कुणी वरून ओतलं तर पाणी. या दुष्काळात तेही कुणी ओतेना. बैठका झाल्या, भांडणं झाली, आणि आज साळूबाईंनी स्वतःच्या हाताने पोहरा सोडला. मला रडूच आलं.

२८ मार्च
भर दुपारी विहिरीपाशी एक म्हातारी ओंजळ धरून उभी. म्हटलं, घ्या की, हक्काचं आहे. हलेना. मग मीच ओतलं. पोहरा रिकामा झाला, तिची तहान भागेना. माझ्याकडे पाणी असेल तोवर तुम्हाला नाही म्हणणार नाही, केव्हाही या, असं ऐटीत सांगून आले.

३ एप्रिल
ती रोज दारात येते, मी रांजणातलं ओतते. साळूबाईंना ती दिसत नाही, रिकामा रांजण दिसतो. मी वर्णन केलं तेव्हा त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, ती भागूबाई. मागच्या उन्हाळ्यात विहिरीपाशी ओंजळ धरून बसली, कुणी ओतलं नाही, तिथेच गेली. मी दिलेला शब्दही सांगितला. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, कुटवर देईन म्हनलात?"

९ एप्रिल
विहीर आटली. माझ्यामुळे, रोज उपसून तिलाच ओतत होते. बायका तळाचा गाळ खरवडताहेत, मला बघवत नाही. भागूबाईंपुढे हात जोडले, आता माझ्याकडे काही नाही म्हटलं. त्यांनी ओंजळ माझ्यापुढेच धरली.

११ एप्रिल
विहिरीला पाझर फुटला! वस्ती आनंदात. मी तांब्यामागून तांब्या पितेय, घसा कोरडाच. रडू येतंय पण डोळ्यांत — काही नाही —

१२ एप्रिल
साळूबाई म्हणतात, पळा. पण मी गेले तर ती परत विहिरीवर — नाही. शब्द माझा. भीती वाटते. फार —

१३
जीभ टाळ्याला — ती उशाशी. ओंजळ माझ्या तोंडाखाली. आज पहिल्यांदा बोलली. "पोरी, आजून हाय तुज्यापाशी."
पेनातली शाईसुद्धा आता —