ख्रिस्ती होतोच, पुन्हा ख्रिस्ती झालो

९ जुलै १९३७, शुक्रवार
मैदानात घोटाभर चिखल. डोंगरकड्याच्या टीमला एका गोलानं हरवलं, तरी आमच्या फॉरवर्डांना मी शिव्याच घातल्या. समोर गोल रिकामा आणि हा बाबा चेंडूवर पाय ठेवून फोटो काढायला उभा!
जिंकलं की हेडमास्तरसाहेबांकडे पुलाव, हा क्लबचा रिवाज. साहेब क्लबचे प्रेसिडेंट. मी पुलावाला हात लावला नाही. दही-कांदा खाऊन उठलो. संपत आमचा कॅप्टन, त्याला आवाज देवानं दिला तो कमी करायची सोय दिली नाही. सगळ्यांसमोर, "काहून मास्तर, माळ घातली का?" म्हटलं, पोट बिघडलंय. खोटं बोललो. फादरांनी सांगितलंय, शुक्रवारी मटण वर्ज्य, आत्तापासून सवय लावा.
आता बघा. निजामाच्या राज्यात सुटी शुक्रवारी. सामने शुक्रवारी. पुलाव शुक्रवारी. आमचा खाटीक बोकड कापतो तोही शुक्रवारीच. बाकीचे सहा दिवस मटण खायला मला पूर्ण मोकळीक आहे, फक्त मटण नाही. वा रे नियम.

१२ जुलै
रत्नाला सांगून टाकलं, मी कॅथलिक व्हायचं म्हणतोय. ती भाकरी थापत होती. थांबली नाही.
"म्हणजे आत्ता आपण ख्रिस्ती न्हाई का?"
आहोत की.
"मग?"
मग काय सांगू! मिशनची मंडळी वेगळी, ही वेगळी, पोप वगैरे सुरू केलं तर म्हणाली, "अहो, शुक्रवारी काय रांधू तेवढं सांगा. बाकी तुमचं तुमी बघा. मी काही येणार न्हाई."
मायला सांगितलेलं नाही. माय मिशनची जुनी बायबलबाई. अजून पिशवी खांद्याला लावून गल्लोगल्ली बायकांना वचनं वाचून दाखवते. तिला सांगायचं म्हणजे आधी अंगात बळ पाहिजे.

२२ जुलै
फादर आले होते. महिन्यातून एकदा पूर्णेच्या गाडीनं येतात, पिंटो गार्डच्या क्वार्टरात मिसा, म्हणजे त्यांची उपासना, करतात. पिंटो आमच्या सामन्यांना रेफरी असतो, त्याच्याकडे शिट्टी मागायला गेलो होतो मागच्या साली, तिथून हे सगळं लागलं मागे.
मिसेला दहा-बारा माणसं, सगळी रेल्वेची. मागे दाराशी एक शंटर बसतो, यार्डात डबे जोडणारा. सकाळीच शिंदी प्यालेला. डोळे लाल, गुडघे टेकले तर उठता येत नाही. आज त्याला कोणीतरी उठवलं, भिंतीशी बसवलं. कोणी हाकललं नाही.
नंतर फा.ना विचारलं, ह्याचं नाव अजून आहे तुमच्यात? ते म्हणाले, "वाईट कॅथलिक आहे. पण कॅथलिक आहे." त्यांचं मराठी असं तुटक, पण समजतं.
मिशनमध्ये हा महिनाभर टिकला नसता. माझा बाप टिकला नाही. शिंदीपायीच मंडळीच्या यादीतून नाव काढलं, आणि दोन वर्षांनी मेला तेव्हा मिशनच्या कबरस्तानात जागाही दिली नाही. कुंपणाबाहेर पुरला. पाळकबुवांना तेव्हा म्हटलं होतं, निदान बापासाठी प्रार्थना करा. तर म्हणे, मेलेल्यासाठी प्रार्थना करायची आपल्यात रीत नाही. हात बांधून बस म्हणाले.
मला हात बांधून बसता येत नाही. हाफटाइमलासुद्धा येत नाही.

३ ऑगस्ट
हेडमास्तरसाहेबांपर्यंत बातमी गेली. ऑफिसात बोलावलं. "मास्टर, आप तो पहले से ईसाई हैं. फिर दोबारा ईसाई कैसे हो रहे हैं?" पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाले, "अच्छा. मगर टीम वही रहेगी ना?"
रस्त्यात संपतनंही तेच विचारलं, मराठीत. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

१५ ऑगस्ट
मायला सांगितलं. म्हणजे तिनंच विचारलं, शुक्रवारची भानगड काय म्हणून. सांगून टाकलं, बापाचंही सांगितलं, की तिकडं मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात.
ती शेंगा फोडत होती.
मग म्हणाली, "तुझ्या बापाचं नाव काढायचं ठरलं तवा मंडळीनं हात वर केले. मी बी केला."
मी तेव्हा हैदराबादला डिरिल मास्तरच्या ट्रेनिंगला होतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी.
म्हटलं, काहून केलास? नवरा होता ना तुझा!
"बाकी बायका माझ्याकडं बघून राहिल्या व्हत्या. देवाच्या घरात नवरा-बायको न्हाई, दावीद. जे खरं ते खरं. पीत व्हता ना तो?"
पीत होता. पण...
रागानं बाहेर पडलो. शाळा सुटली होती, मैदानावर कोणी नव्हतं. एकटाच भिंतीवर चेंडू मारत राहिलो. ब्लॅडर फुटलं.

५ सप्टेंबर, रविवार
पाळकबुवा घरी. तीन वर्षं मी त्यांच्या उपासनेला फिरकलो नाही. रविवारी शाळा असते आणि संध्याकाळी प्रॅक्टिस, आणि खरं सांगायचं तर जीव रमत नव्हता. तीन वर्षांत हे एकदा आले नाहीत. आता आठवड्यात दुसऱ्यांदा! "दावीदराव, तुमचं नाव आपल्या यादीत आहे." बाकावर बसलेल्या प्लेयरला दुसऱ्या टीमनं बोलावलं की आमच्या क्लबातल्या लोकांना त्याचा असाच पुळका येतो.
म्हटलं, बुवा, माझ्या बापाचंही होतं.
चहा अर्धा ठेवून गेले. माय आतून म्हणाली, "पाहुण्याशी असं बोलत्यात का?" आता पाळकबुवा पाहुणे झाले.

१४ ऑक्टोबर
आज फा.नी माझी दांडीच उडवली.
त्यांच्या धर्माची प्रश्नोत्तरी घोकून गेलो होतो. नापास व्हायचं नव्हतं मला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, मग मी विचारलं, नोव्हेंबरात मेलेल्यांची नावं वाचता, त्यात माझ्या बापाचं वाचाल का? म्हणाले, "हो. का नाही?" म्हटलं, पण मी अजून तुमच्यात नाही. बापही नव्हता. तर म्हणे, "मेलेल्यासाठी प्रार्थना कोणीही मागतो. त्याला कॅथलिक व्हायला लागत नाही."
घ्या! मग मी जुलैपासून मटण सोडून, घोकंपट्टी करून, घरात भांडणं घालून काय मिळवलं?
तेच विचारलं. तोंड वाकडं करून विचारलं.
फा. हसले. "ते तुम्ही मला सांगा."
गाडीची वेळ झाली म्हणून गेले. मी प्लॅटफॉर्मवर उभा.

१५ ऑक्टोबर
सामना हरलो. लक्ष नव्हतं.

२ नोव्हेंबर
दिवाळीची सुटी. पिंटोकडे गेलो. रत्ना म्हणाली, आज तरी घरी थांबा, पण रागात नव्हती.
मेलेल्यांची नावं वाचली. पिंटोची आई, कोणाचं लेकरू, कोणाचा भाऊ. मग याकोब. माझा बाप. कुंपणाबाहेर टाकल्यापासून त्याचं नाव देवाच्या कामात कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, शंटरनं मागून पाठीवर हात ठेवला. तोंडाला वास येत होता त्याच्या. माझ्या बापाला यायचा तोच.
काम झालं. आता थांबलो असतो तरी चाललं असतं. मायशी भांडण मिटलं असतं, शुक्रवारचा पुलाव परत मिळाला असता.
घरी येताना कळलं की थांबायचं नाही. फा.ना काय सांगायचं तेही कळलं. मला अशा घरात जायचंय जिथं नाव काढत नाहीत. मी चांगला माणूस नाही, शिव्या देतो, खोटं बोलतो, मायवर ओरडतो. मला वाईट कॅथलिक तरी होता येईल.

१६ डिसेंबर
उद्या. फा. आज रात्रीच्या गाडीनं येऊन पिंटोकडे उतरणार. नेमका उद्याच वसमतशी सामना! म्हटलं, तारीख बदला. म्हणे, दुसरा दिवस नाही.
मध्यरात्रीपासून अन्न नाही, पाणी नाही, मगच प्रभुभोजन घेता येतं. रत्नाला सांगून ठेवलं, सकाळी चहा पुढं केलास तरी मी घेणार नाही. "करतच न्हाई," म्हणाली. माठावर उलटी परात ठेवलीय मी.

१७ डिसेंबर, शुक्रवार
काय सांगावं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.
पहाटे उठलो, चूळसुद्धा भरली नाही. पोरांना एकदा बघावं म्हणून मैदानावर गेलो. तिथं आमचा रिवाज. मोठ्या सामन्याच्या सकाळी कॅप्टन मास्तरच्या तोंडात गुळाचा खडा घालतो. शकुनाचा. मीच चालू केलेला! संपत आला, "आ करा मास्तर," म्हणाला. मी आ केला. डोक्यात वसमतचा तो डावखुरा फॉरवर्ड. चघळत चघळत क्वार्टरात पोचलो.
फा.नी सगळं केलं. आधी शपथ, मग बाप्तिस्मा. तोही अटीवर: लहानपणीचा मिशनचा बाप्तिस्मा लागू असेल तर हा नाही, लागू नसेल तर हा. गोल झाला असेल तर धरू, नसेल तर पुन्हा मारा, असा निकाल मी कुठल्या रेफरीला देऊ दिला नसता. पण डोक्यावर पाणी पडलं तेव्हा अंगावर काटा आला. खोटं कशाला लिहू.
मग पापं सांगायची. मोठी यादी होती. सांगून झाली आणि जीभ दाढेला लागली, तर गोड.
म्हटलं, फादर, मी गूळ खाल्लाय.
"कधी?"
आत्ता. सकाळी.
त्यांनी डोळे मिटून घेतले. हसत होते की चिडले होते, देव जाणे. तर मी आत आलो, पण पंगतीला नाही. सगळ्यांनी घेतलं, शंटरनंसुद्धा घेतलं, आज तो शुद्धीवर होता. मी गुडघ्यावर बसून बघत राहिलो. आता पुढच्या महिन्यात.
संध्याकाळी वसमतला दोन गोलांनी हरवलं. गूळ लागू पडला म्हणे. संपतला काय बोलणार!

१८ डिसेंबर
हेडमास्तरसाहेबांना सांगितलं. त्यांचे रोजे नुकतेच संपलेत. हसून लोळायचे बाकी राहिले. "मास्टर, हमारे यहाँ भूले से खा लिया तो रोज़ा नहीं टूटता."
तुमचा नियम बरा आहे साहेब, म्हटलं.
"तो इधर आ जाते," म्हणाले. नको. एकदाच एवढं झालंय.

९ जानेवारी १९३८, रविवार
मिशनच्या मंडळीची सभा संध्याकाळी. माझं नाव काढायचा विषय. पाळकबुवांनी आधी निरोप दिला होता, मागं फिरायचं असेल तर अजून वेळ आहे. मी उत्तर दिलं नाही.
माय आणि रत्ना गेल्या. मी प्रॅक्टिसला गेलो आणि काहीच शिकवलं नाही. पोरं आपापली खेळली.
रत्ना पुढं आली, माय मागून, हळूहळू. रत्नानं चपला काढता काढताच सांगितलं. मंडळीत आधी कोणाचाच हात वर जाईना. पाळकबुवा स्वतः म्हणाले, मावशी, तुमी नका करू, तुमाला सूट. सगळे मायकडं बघून राहिले.
"मग?"
"सगळ्यात आधी मायनंच केला."
रत्ना रडत होती. तिनं स्वतः हात वर केला नाही, ते नंतर सांगितलं.
मी मायशी बोललो नाही. जेवलोही नाही.

११ जानेवारी
दोन दिवस अबोला. आज मीच म्हटलं, माय, एवढी घाई होती?
तिनं मान वर केली नाही. ज्वारी निवडत होती. "तुझ्या बापाच्या वेळेला केला. तुझ्या वेळेला हात खाली ठेवला असता, तर त्यानं मला काय म्हटलं असतं? लेकरासाठी ठेवलास, माझ्यासाठी न्हाई. म्हटलं असतं का न्हाई?"
मी तिच्यासमोर बसलो. ह्या बाईवर रागवावं तरी कसं, आणि न रागवावं तरी कसं!
सूप हलवत राहिली. मग खालच्या आवाजात, "तुझ्या त्या फादरनं नाव घेतलं तवा काय म्हणला? नुसतं याकोब?"
हो. नुसतं याकोब.
"आनि दुसऱ्या मंडळीच्या बाईनं सांगितलं तर घेतो का?"
म्हटलं, कोणीही सांगितलं तरी घेतो. या खेपेला येतील तेव्हा विचारू का?
"विचारू नको."
मग?
"तू विचारू नको म्हटलं ना."
फा. गुरुवारी येणार. गाडी किती वाजता येते, हे मात्र तिनं रत्नाला विचारून ठेवलंय.