गाळ बसेपर्यंत

मु. नागरा, तालुका गोंदिया
ता. १३ डिसेंबर १९३६

चि. बिसराम यास केवलरामचा आशीर्वाद.

तू डोंगरगडला बरा असशील असं धरून लिहितो. आपल्या शेजारच्या श्यामलालनं चैत्रातच तुझा पत्ता आणून दिला होता. इकडे धान कापून झालं, मळणीचा चुरणा चालू आहे. तुझी वहिनी हिंडती-फिरती आहे. शिवाच्या देवळामागची जांभूळ औंदा लदलद लागली होती, पण मी एक फळ घरात आणलं नाही.

तुला ठाऊक असलेलंच आधी लिहितो, कारण एकदम पुढचं लिहायला हात धजत नाही.

तीन वर्षांमागं तुझी वहिनी हिवतापातून उठली, तिच्या तोंडाला चव नव्हती. वैद्य बोलले, जांभळाची जुनी, निवळ दारू जेवणाआधी चमचाभर द्या. बाबांना कळू न देता आपण दोघांनी जांभळं कुस्करली, गूळ आणि आंबायला धायटीची फुलं घातली. बुडबुडे थांबल्यावर फडक्यातून गाळली. पपईच्या देठाची नळी करून वरची वरची दुसऱ्या बरणीत उतरवली, खालचा गाळ तसाच सोडला. दोनदा उतरवली तरी तुरट लागे, उजेडात धरली की गढूळ दिसे. मग बरणी काठोकाठ भरली, तोंड मेणानं बंद केलं.

दसऱ्याला तू म्हणालास, "भाऊ, आबकारीवाले फिरून राहिले. बरनी रानात नेऊन पुरू."

मी म्हणालो, "आता हलवलो तं गाळ उठते. संक्रांतीपर्यंत हात लावू नोको."

चार दिवसांनी ते आले. जमादारानं बरणी अंगणात ठेवून विचारलं, "किसकी है?" मी तोंड उघडलं नाही. वहिनी भिंत धरून उभी होती. तिच्याकडे पाहून तू म्हणालास, "माजी होय."

तू सहा महिने तुरुंगात काढलेस. तुला माहीत नाही ते याच्या पुढचं. त्या सांजेला बाबा बाजारातून आले आणि मला विचारलं, "बिसराम दारू विकत होता काय?" मी म्हणालो, "मले काय ठाऊक." सुटून तू दारात आलास तेव्हा त्यांनी पाठ फिरवली, ती माझ्या या तीन शब्दांमुळं. तू तेव्हाही खरं न सांगता उलट्या पावली गाव सोडलंस.

बरणी भरताना उरलेली एक बाटली मी धानाच्या ढोलीत ठेवली होती, ती तिथंच राहिली. या दिवाळीत बाबांचं अन्न तुटलं, म्हणून ती काढली. सगळा गाळ तळाशी घट्ट बसला होता. वरची दारू डाळिंबाच्या दाण्यासारखी, तुरटपणा गेलेला. बाबांनी चमचा ओठाजवळ नेला आणि थांबले.

"बिसरामची असन तं नोको."

"माजी होय, बाबा. ते बरनीबी माजीच होती."

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काऊन नाही सांगितलास?"

मी बाटलीला बूच लावू लागलो.

"त्याले बोलाव," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

तार केली असती तर दुसऱ्या दिवशी तू दारात असतास. मी केली नाही. बाबांसमोर तुझ्या डोळ्यांत पाहावं लागेल, या भीतीनं रोज उद्यावर टाकलं. त्यांना सांगत होतो, "तार धाडलो, येऊन राहिला." आठ दिवस गाडीची शिटी ऐकली की ते दाराकडं मान वळवत. नवव्या दिवशी सकाळी गेले. तेरवी होऊन पाच दिवस झाले.

तुझी वहिनी रोज म्हणे, "लिवून टाका. भेऊन किती दिवस राह्यता?" काल पारावर लोक बसले असताना मी उभा राहून सांगितलं, बरणी माझी होती. केशोराव म्हणाले, "बाप गेल्यावर बोलून राहिला काय?"

माफी मागत नाही. ती बाबांसमोर मागायची होती, आणि ती वेळ मीच घालवली.

बाबांच्या अस्थी गाडग्यात घालून पिंपळाला बांधून ठेवल्या आहेत. तू आल्याशिवाय कोणी हात लावणार नाही. वैनगंगेला त्या तूच न्याव्यास. मी सोबत यावं की घरी राहावं, ते तू सांगशील तसं.

फक्त वयानं तुझा मोठा,
केवलराम