वहिनींचं कुंकू

तीर्थस्वरूप दादांस,
कुरवंड्याहून महिपतीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही बसऱ्याच्या लढाईवर गेलात, त्याला दहाबारा वर्षं झाली. तुमचा पत्ता ठाऊक नाही, म्हणून हे पत्र भैरोबाच्या पायाशी ठेवतो.

लोणावळ्याच्या एका कारखान्यात मुकादमाची जागा मिळत होती. झुंबरवहिनींचा दमा फार वाढलाय, म्हणून हो म्हणण्याआधी कारकुनाला विचारलं, "आजारपणात तुमचा डॉक्टर घरच्यांना बघतो का?"

"बायकोपोरांना बघतो."

"आन् भावजय?"

"विधवा असेल तर बघतो. विधवा लिहू का?"

वहिनी रोज आंघोळ झाली की तुमच्या नावानं कुंकू लावतात. "ऱ्हाऊ द्या ती जागा," म्हणालो आणि घरी आलो.

वहिनींना सांगितलं, वय झालं म्हणून साहेबानं घेतलं नाही. दम लागेपर्यंत त्या साहेबाला शिव्या देत बसल्या. "पन्नाशीत मानूस म्हातारा हुतो व्हय, भाऊजी? तुमचं दादा हितं असतं, तर त्या साहेबाची खरडपट्टीच काढली असती!"

मी म्हणालो, "व्हय वहिनी. आलं की सांगू त्यास्नी."

तुमची वाट पाहणारा धाकटा,
महिपती