बॉनेटवरचं स्वस्तिक

दसरा, संध्याकाळ. विद्यानगर

अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

बाबांच्या जुन्या काळ्या गाडीला काल कुकटपल्लीतल्या एका गॅरेजमध्ये सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. रंगावर जणू काचेचा थर. पाणी टाकलं की मोती होऊन पळतं! आई म्हणाली, "आधी पूजा कर, मग नाच." म्हणून हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि बाबा असताना दर दसऱ्याला काढायचे तिथेच, बॉनेटवर, मी स्वस्तिक काढायला गेले. एक रेघ टिकेल तर शपथ. कुंकवाचे लाल थेंब झाले आणि घरंगळले. पुन्हा काढलं. पुन्हा थेंब. मी बघतच राहिले, पण आईचा चेहरा उतरला. "गाडी कुंकू घेत नाही गं."

ते लाल थेंब फडक्याने टिपायला मी वाकले, आणि तिरप्या उन्हात दिसलं. एक पुसट स्वस्तिक. बाबांच्या ओल्या हळदीने इतक्या वर्षांत रंगच खाल्ला होता. कोटिंगवाला म्हणालाही होता, "एक पुराना निशान है मॅडम, पॉलिश से नई गया. अब कोटिंग के नीचे वैसाच रहता." मला वाटलं, असेल एखादा ओरखडा. आणि हे! काळ्या चकाकीत खोल, पाण्याखाली असल्यासारखं. उजवीकडची रेघ जरा लांब, बाबांची नेहमीची.

आईला दाखवलं. तिने त्यावरून बोट फिरवलं. हाताला काहीच लागलं नाही, नुसता गुळगुळीतपणा.

मी पुन्हा कुंकू कालवायला घेतलं, तर तिने वाटी काढून घेतली.

"नको. त्यांनी काढून ठेवलंय."